उघडीवरची खूण

आमचं गाव अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटात, खाडीच्या आतल्या अंगाला. पुळण, सुरूची बनं, पर्यटकांची घरं यातलं आमच्याकडे काही नाही. पण दिवसातून दोनदा समुद्र खाडीतून आमच्या बांधापर्यंत येतो आणि परत जातो. बांधाच्या आत भातशेती, मग जिताडा माशाची तळी, मग घरं. उधाणाच्या भरतीला बांधावर उभं राहिलं की डोळ्यांनी दिसतं, बाहेरचं पाणी आतल्या शेतापेक्षा वर आहे. नवीन माणसाला ते बघून धस्स होतं. आम्ही त्यातच वाढलो.

मी इथली सून आणि ग्रामपंचायतीची सदस्य. तीन वर्षांपूर्वी पिठोरी अमावास्येला रात्री खांड गेली, तिथून हे सगळं सुरू झालं.

खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. बांध एकदम फुटतो असं लोकांना वाटतं, पण तसं होत नाही. कुर्ल्या, म्हणजे खेकडे, बांधात बिळं करतात. भरती चढली की त्या बिळांतून आतल्या बाजूला आधी नुसती ओल येते. आमच्याकडचे म्हातारे म्हणतात, बांधाला घाम आला. मग करंगळीएवढी धार लागते. ती स्वच्छ असेपर्यंत वेळ असतो. धार गढूळ झाली की ती माती घेऊन निघाली, मग हाताशी काही राहत नाही. त्या रात्री बॅटरीच्या उजेडात मी ती धार गढूळ होताना पाहिली. पेंढ्याच्या गुंड्या, मातीच्या गोणी, होतं ते सगळं आणलं. साडेबाराची भरती पूर्ण भरायच्या आतच बैलगाडी जाईल एवढी वाट पडली होती.

सकाळी शेतं भरलेल्या तळ्यासारखी दिसत होती. भात पोटरीत होतं. खारं पाणी गेलेलं भात लगेच मरत नाही, तीनचार दिवस हिरवंगार राहतं आणि मनाला आशा लावतं. मग पात्यांची टोकं पांढरी पडतात. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचं बियाणं आमच्याकडे बरेच जण पेरतात, ते क्षार सोसणारं आहे, पण जमिनीतला क्षार सोसणं वेगळं आणि भरतीच्या पाण्यात उभं राहणं वेगळं. शेताकडच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं ते अजून पुरतं सुधारलेलं नाही. जमीन धुऊन निघायला दोनतीन पावसाळे जातात, आणि तेही पुन्हा खांड गेली नाही तर.

पुढे २ ऑक्टोबरची ग्रामसभा होती. त्या सुमारास गावाचा विकास आराखडा करायचा असतो, ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने. मी ग्रामसेवकांना विचारलं, “भाऊसाहेब, बांध कुठल्या रकान्यात लिहायचा?” त्यांनी नमुना उलटसुलट पाहिला. शिक्षण, आरोग्य, महिला-बालकल्याण, पाणी, स्वच्छता, रस्ते. ते म्हणाले, “ताई, बांध आपल्या हद्दीत आहे, पण आपल्या ताब्यात नाही.” माणूस चांगला होता, टाळत नव्हता. त्याला खरंच जागा सापडत नव्हती. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातले साठ टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेले, उरलेल्या चाळीस टक्क्यांत गावाची बाकी सगळी कामं. त्यातून बांधाचे शंभर फूटही नीट होणार नाहीत. तरी मी हट्ट धरला की आराखड्यात बांध लिहायचाच. पैसे मिळोत न मिळोत, गावाच्या कागदावर गावाचा सगळ्यांत मोठा धोका नसावा हे मला पटत नव्हतं.

मग शिवारफेरी काढली. ग्रामसेवक, तलाठी, आम्ही तिघी सदस्य, शाळेतली चारपाच मुलं आणि आमच्या आळीतले काका. काकांचं वय ऐंशीच्या पुढे, पण बांधाचा कोपरा न् कोपरा पाठ. कुठे बांध बसलाय, कुठे उघडीच्या झडपा कुजल्यात, कुठे बाहेरच्या अंगाची दगडी ढासळलीय, ते पुढे चालत दाखवत होते. उघडी म्हणजे बांधातलं दार. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं, भरतीला बाहेरच्या पाण्याच्या रेट्याने तीच झडप मिटते. जुन्या माणसांनी किती साधी आणि किती पक्की युक्ती केली आहे ही.

उघडीच्या खांबाशी काका थांबले आणि एका दगडावर हात ठेवून म्हणाले, “आमच्या पोरपणी मोठं उधाण इथवर यायचं.” मग हात वर सरकवला. “आता इथवर येतंय.” दोन्ही खुणांमध्ये माझी वीतभर जागा होती.

तिथेच तलाठ्यांनी रास्त शंका काढली. पाणी चढलं की खांब खाली बसला? चिखलातला खांब आहे, बसूही शकतो. शिवाय खाडी गाळाने भरत आली आहे, पात्र अरुंद झालं की पाणी वर चढतंच. मी तेव्हा चिडले होते, पण ती शंका बरोबर होती. समुद्र वाढला म्हणून खांड गेली, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. आमची खांड गेली ती आधी कुर्ल्यांच्या बिळांमुळे आणि वर्षानुवर्षं न भरलेल्या मातीमुळे. पूर्वी जोळ असायचा. ज्याची जितकी जमीन, त्याने त्या मापाने माणसं द्यायची आणि सगळ्यांनी मिळून बांध भरायचा. सासूबाई सांगतात, चिखलाच्या ढेपा हातोहात देताना गाणी चालायची, न येणाऱ्या घराला दंड असायचा. माणसं कामाला मुंबईला, पनवेलला, कारखान्यांत गेली, बांध सरकारने बघावा असं झालं, आणि जोळ मोडला. समुद्र हळूहळू वर येतो आहे हे खरं, पण आमचा बांध त्याहून वेगाने खाली बसला आहे.

तरी मोजायचं ठरवलं. शाळेच्या गुरुजींनी उघडीच्या खांबावर तेलरंगाने सेंटिमीटरची पट्टी काढून दिली. प्रत्येक अमावास्येला आणि पौर्णिमेला भरती पूर्ण भरली की आकडा वहीत लिहायचा. वेळ काढायचं गणित काकांकडून मुलांनी घेतलं, तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीचे तास. अष्टमीला सहाच्या सुमारास, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. छापील वेळापत्रकाशी पंधरावीस मिनिटांचा, कधी पाऊण तासाचा फरक पडतो. मुलं तोही लिहून ठेवतात.

या वहीने पहिल्याच पावसाळ्यात एक भांडण लावलं. पेपरात आलं होतं की अमुक दिवशी ४.८ मीटरची भरती. आणि एका कार्यालयातून मिळालेल्या कागदावर आमच्या बांधाची उंची होती साडेतीन मीटरच्या आसपास. गावात हाहाकार. बांधावरून मीटरभर पाणी जाणार म्हणून लोक तांदळाच्या कणग्या माळ्यावर चढवायला लागले. भरती आली, बांधाच्या माथ्याखाली राहिली आणि गेली. लोक म्हणाले, वही खोटी, पेपरही खोटा.

त्याचा उलगडा गावच्या एका जावयाने केला. ते मुंबईत बंदराच्या कामावर अभियंता आहेत. भरतीच्या तक्त्यातला शून्य वेगळा आणि जमीन मोजणीतला शून्य वेगळा, हे त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं. तक्त्यातली भरती खोल ओहोटीच्या पातळीपासून मोजतात, जहाजाचा तळ लागू नये म्हणून. जमिनीची उंची सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतात. मुंबईत या दोन शून्यांत सुमारे अडीच मीटरचं अंतर आहे. म्हणजे ४.८ ची भरती जमिनीच्या हिशोबात सव्वादोन-अडीचच्या दरम्यान. मला फार वाईट वाटलं की इतकी साधी गोष्ट बांधाशेजारी जन्म काढणाऱ्या माणसांना कुणी कधी सांगितली नव्हती. किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हे चित्र काढून ठेवायला हवं. आम्ही आमच्या भिंतीवर काढलं आहे.

त्याच दिवशी जावईबापूंनी दुसरा हिशोब मांडला. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राची पातळी मोजली जाते. जगभरच्या अशा नोंदी एकत्र केल्या तर १९०१ ते २०१८ या काळात समुद्र सरासरी २० सेंटिमीटर वर आला, आणि अलीकडे, २००६ ते २०१८ मध्ये, वर्षाला ३.७ मिलिमीटरने. पुढची तीस वर्षं तोच वेग धरला तरी ११ सेंटिमीटर. वेग वाढतो आहे, तेव्हा त्याहून जास्तच धरायला हवं. कुणीतरी मागून म्हणालं, “अर्धी वीत! त्यात काय?” काका उठून उभे राहिले. म्हणाले, “बांधावरून चार बोटं पाणी गेलं तरी बांध जातो. अर्धी वीत म्हणजे सहा बोटं.” सभागृह गप्प झालं. समुद्राची वाढ म्हणजे काय हे मला त्या वाक्याने कळलं, तसं कुठल्याच कागदाने कळलं नव्हतं.

यानंतरचं वर्ष कार्यालयांत गेलं. ते सगळं सांगत बसत नाही. एका ठिकाणी म्हणाले, तुमचा बांध आमच्या योजनेच्या यादीत नाही, खासगी आहे. खारभूमी विकासाचा कायदा १९७९ चा आहे, त्याखाली योजना घेतलेले बांध सरकारी, बाकीचे शेतकऱ्यांचे. आमचा अर्धा बांध एका यादीत आहे, अर्धा कुठल्याच यादीत नाही, आणि पाणी नेमकं दुसऱ्या अर्ध्यातून येतं. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, आत कांदळवन उगवलं आहे, तिथे आम्हाला हात लावता येत नाही.

हे दुसरं उत्तर समजायला मला वेळ लागला. बांधाच्या वळणापाशी एक खांड दहाबारा वर्षांपूर्वी गेली आणि कुणी बांधलीच नाही. शेतात रोज भरती खेळायला लागली, मागोमाग तिवर आणि चिपी ही कांदळवनाची झाडं आली, आज तिथे माणूस शिरणार नाही एवढं रान आहे. सातबाऱ्यावर अजून भात. मुंबई उच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१८ चा निकाल आहे, कांदळवन तोडता येणार नाही, भोवतीचे ५० मीटरही राखायचे, सार्वजनिक हिताचं काम असेल तर न्यायालयाकडून परवानगी आणायची. गावात पुष्कळ जण या निकालावर दात-ओठ खातात. मी खात नाही. बांधाच्या बाहेर जिथे तिवरांची दाट पट्टी आहे तिथे बांध आजवर एकदाही गेलेला नाही, लाट झाडांतच मोडते. जिथे तिवरं तोडली तिथे दगडी ढासळली आहे. पण ज्याचं शेत गेलं त्याला हे कसं सांगायचं? त्याने झाड लावलं नव्हतं की तोडलं नव्हतं. त्याची खांड वेळेवर कुणी बांधली नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

मग किनारा व्यवस्थापन आराखड्याचे मसुदा नकाशे पाहायला आम्ही पाच जण जिल्ह्याच्या गावी गेलो. नकाशावर एक धोक्याची रेषा होती. भारतीय सर्वेक्षण विभागाने आखलेली, किनाऱ्याची धूप आणि समुद्राची वाढ दोन्ही धरून. आमच्यातल्या एकीने बोट ठेवून विचारलं, “साहेब, या रेषेच्या आत घर आलं तर पाडणार का?” उत्तर मिळालं, नाही. किनारी नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे ती रेषा बांधकाम अडवण्यासाठी नाही, आपत्ती व्यवस्थापनासाठी आहे. तिला हायसं वाटलं. मला वाटलं नाही. घर पाडणार नाहीत हे ठीक, पण ही रेषा पाहून नवं घरकुल कुठे बांधायचं, जोत्याची उंची किती ठेवायची, पिण्याची विहीर कुठे घ्यायची हे ठरवायचं कुणी? ती रेषा जिल्ह्याच्या नकाशावर होती, आमच्या गावच्या आराखड्यात नव्हती.

त्याच अधिसूचनेत आमच्या कामाचं एक कलम निघालं. १९ फेब्रुवारी १९९१ च्या आधीचा बांध किंवा उघडी असेल तर कायद्याची भरतीरेषा त्या बांधापाशी थांबते. आतल्या जमिनीला भरतीची जमीन म्हणत नाहीत. फक्त खारं पाणी शिरून आत कांदळवन उगवलं असेल तर ते मात्र राखीवच. मसुद्यात आमच्या अर्ध्या बांधाच्या आतही भरतीरेषा शिरलेली होती. हरकत घ्यायची तर बांध १९९१ च्या आधीचा असल्याचा पुरावा हवा.

शंभर वर्षांच्या बांधाचा पुरावा कुठून आणायचा? गावात कागद कुणाकडेच नाही, सगळ्यांना तोंडी माहीत. शेवटी सासूबाई म्हणाल्या, “मधल्या उघडीच्या कमानीवर अक्षरं होती. आम्ही धुणं धुवायला जायचो तेव्हा दिसायची.”

दुसऱ्या दिवशी ओहोटीला गेलो. गुडघाभर चिखल. कमानीच्या दगडावर कालवांचा, म्हणजे शिंपल्यांचा, थर इतका जाड बसला होता की खाली दगड आहे यावर विश्वास बसेना. जुनी कालवं दगडाला दगडासारखीच चिकटतात, कडा वस्तऱ्यासारख्या. माझ्या पुतण्याने कोयतीच्या पाठीने हळूहळू ठोकत थर काढला, मी ब्रशने घासत होते, बोटं कापली. आधी ‘स’ची काठी दिसली. मग ‘सन’. मग १, मग ९. तिसरा आकडा अर्धा झिजलेला, पण ६ आहे यात शंका नव्हती. चौथा दगडाबरोबर निघून गेला होता. निदान उघडीची कमान साठच्या दशकातली, एवढं पुरे होतं. पाणी परत चढायला लागलं होतं, कमरेला लागेपर्यंत आम्ही फोटो काढत होतो. त्या फोटोसोबत हरकत दिली. पोच मिळाली आहे.

आता सगळ्यांत अवघड भाग, आणि तो सरकारी नव्हता. वळणापाशी जिथे रान माजलं आहे तिथला बाहेरचा बांध परत बांधायचा की सोडून द्यायचा? जावईबापूंनी सांगितलं, तिथे पुन्हा बांध घालायला परवानगी मिळणं कठीण, खर्च मोठा, आणि त्या वळणावर पाण्याचा मारा सर्वांत जास्त. त्यापेक्षा मागचा जुना आतला बांध दोन हात उंच करा, त्याच्या पुढचं रान तसंच राहू द्या, ते लाट अडवेल. हिशोबाने बरोबर होतं. पण त्या दोन बांधांच्या मध्ये अकरा घरांची शेतं होती. त्यातलं एक आमचं.

ग्रामसभेच्या आदल्या रात्री मी घरात विषय काढला. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “त्या शेतात मी रहू पेरलाय. नवऱ्याच्या जोडीने.” मोड आणलेलं भात चिखलात फेकून पेरायचं, त्याला रहू म्हणतात. खाऱ्या जमिनीत लावणीपेक्षा ते बरं. मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, “सोडलं तर बाकीच्यांचं राहील?” मी म्हटलं, “आई, राहील असं वाटतं. खात्री कुणीच देत नाही.” त्यांनी सूप उचललं आणि आत गेल्या. सकाळी माझ्याआधी तयार होऊन बसल्या होत्या.

ग्रामसभा चार तास चालली. आवाज चढले, दोघे जण उठून गेले आणि परत आले. अकरांपैकी आठ घरं तयार झाली, तीन झाली नाहीत. त्या तिघांना मी दोष देत नाही. शेवटी ठराव असा झाला: आतला बांध ही गावाची रेषा. तिच्या बाहेर नवं घरकुल, नवी विहीर, नवी वाट नाही. रेषेजवळच्या नव्या घराचं जोतं आजवरच्या सगळ्यांत मोठ्या उधाणाच्या खुणेपेक्षा दोन हात वर. बाहेरच्या तिवरांना गावातल्या कुणीही कोयता लावायचा नाही. दरवर्षी मे महिन्यात घरटी एक माणूस, नाहीतर एक दिवसाची मजुरी, बांधाची बिळं बुजवायला. जोळ हा शब्द ठरावात घालायचा हट्ट काकांचा. आणि रेषेबाहेर गेलेल्या अकरा घरांना सरकारने मोबदला किंवा पर्यायी जमीन द्यावी, ही मागणी.

दोन मे महिने जोळ भरला. पहिल्या वर्षी चाळीसेक माणसं आली, दुसऱ्या वर्षी त्याहून जास्त, मुंबईहून सुट्टी काढून आलेलीही होती. आतला बांध अर्ध्या लांबीत दोन हात चढला आहे. कुर्ल्यांची बिळं आता मुलंच शोधतात, खुणेची काठी रोवून ठेवतात. गेल्या पावसाळ्यात खांड गेली नाही. एक पावसाळा म्हणजे काहीच नाही, हे मला कळतं.

मोबदल्याचा कागद तालुक्याहून परत आला. कोणत्या योजनेखाली मागणी आहे ते नमूद करा, असा शेरा आहे. समुद्र वाढतो म्हणून गावाने आपणहून मागे घेतलेल्या जमिनीसाठी एखादी योजना आहे का, ते मी आठ महिने विचारते आहे. आठ घरांच्या संमतीची पत्रं कपाटात आहेत, त्यात सासूबाईंचा अंगठा सगळ्यांत वर आहे. कागद नव्याने लिहिला आहे, या वेळी सोबत वहीतल्या सगळ्या नोंदी आणि अकरा सातबारे जोडले आहेत. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तो पुन्हा वाचायचा आहे. त्याआधी पौष अमावास्येचं उधाण आहे, दुपारी बाराच्या सुमाराला. मुलांची शाळा असते, म्हणून त्या दिवशीची खूण मी बघणार आहे.